फोटोंनी भरलेली वर्ड फाईल: पाठवायची कशी आणि छापायची कशी?

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती बीएस्सी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, ती आणि तिच्या मैत्रिणी कृषीकन्या म्हणून एका गावात राहून आल्या होत्या. बीजप्रक्रिया, माती परीक्षण, जनावरांचं लसीकरण, प्रत्येक गोष्टीचे मोबाईलवर फोटो काढलेले आणि ते सगळे अहवालात टाकलेले.

"दादा, फाईल मेलवर जातच नाहीये. उद्या अकरा वाजता सरांना द्यायचीये, प्रिंटपण काढायचीये."

"किती एमबीची आहे?"

"दोनशे बारा."

"अगं, पानं किती?"

"अठ्ठेचाळीस. पण दादा, मी सगळे फोटो बारीक केलेत. कोपरा धरून एकेक ओढलाय!"

इथेच खरी गोम आहे. कोपरा धरून ओढल्यावर फोटो पानावर लहान *दिसतो*. फाईलमध्ये तो तेवढाच राहतो. वर्डच्या फाईलमध्ये पानावर जे दिसतं आणि आत जे असतं, ते एकच नसतं. ही एक गोष्ट नीट कळली की फाईल जड का होते, प्रिंटला फोटो का उडतात आणि कापलेला फोटो लोकांना पूर्ण कसा दिसतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. तिसरा प्रश्न सर्वात गंभीर आहे, म्हणून लेख शेवटपर्यंत वाचा.

वर्डची फाईल आतून कशी असते?

२००७ च्या ऑफिसपासून वर्डची फाईल 'डॉकएक्स' प्रकारात सेव्ह होते. ही फाईल म्हणजे खरं तर एक झिप फाईल आहे. पटत नसेल तर करून बघा:

१. आधी फाईलची एक कॉपी करा. मूळ फाईलला हात लावू नका.
२. कॉपीच्या नावातलं शेवटचं 'डॉकएक्स' खोडून तिथे 'झिप' हे एक्स्टेन्शन टाका. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसत नसेल तर फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा.
३. ती झिप उघडा, आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जा आणि तिथलं 'मीडिया' फोल्डर उघडा.

तुम्ही टाकलेले सगळे फोटो तिथे ओळीने बसलेले दिसतील, प्रत्येकाच्या साईजसकट. मजकूर मात्र वेगळ्या फाईलमध्ये असतो आणि तो अगदी हलका असतो. बहिणीच्या फाईलमध्ये ६४ फोटो होते, सरासरी सव्वातीन एमबीचा एकेक. म्हणजे २१२ एमबीपैकी जवळजवळ सगळं वजन 'मीडिया' फोल्डरचं होतं.

यातून आणखी एक गोष्ट कळते. पुष्कळ जण मोठी वर्ड फाईल हलकी करायला तिची झिप बनवतात. त्याचा काही उपयोग होत नाही. फाईल आधीच झिप आहे आणि आतले जेपेग फोटोही आधीच दाबलेले आहेत. पिळून झालेलं कापड पुन्हा पिळल्यासारखं आहे ते.

कागदाला किती पिक्सेल लागतात?

तुमच्या मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. आता ए-फोर कागदाची रुंदी बघा: २१० मिलीमीटर, म्हणजे सव्वाआठ इंच. बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच आणि उजवीकडे एक इंच सोडला की फोटोसाठी पावणेसहा इंचाच्या आसपास जागा उरते. हिशोबाला सोपं म्हणून ६ इंच धरू.

६ इंचात ४००० पिक्सेल, म्हणजे एका इंचात साधारण ६६७ पिक्सेल. छपाईत चांगल्या फोटोसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा ढोबळ नियम आहे. कॉलेजच्या अहवालाला, झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटरवर, २२० सुद्धा छान चालतात. त्याच्या वरचे पिक्सेल कागदावर दिसत नाहीत, फक्त फाईल फुगवतात.

वर्डमध्ये याला पीपीआय म्हणतात, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल. ६ इंच रुंद फोटोचा हिशोब असा:

- ९६ पीपीआय (ईमेल): ५७६ पिक्सेल रुंद. मोबाईलवर नुसतं वाचायला ठीक, प्रिंटला धूसर.
- १५० पीपीआय (वेब): ९०० पिक्सेल. स्क्रीनवर छान, प्रिंटला जेमतेम.
- २२० पीपीआय (प्रिंट): १३२० पिक्सेल. अहवालासाठी योग्य.
- ३३० पीपीआय (एचडी): १९८० पिक्सेल. बारीक अक्षरांचे स्क्रीनशॉट किंवा नकाशे असतील तर हे घ्या.

२२० वर आणल्यावर तोच फोटो १३२० × ९९० होतो, म्हणजे सुमारे १३ लाख पिक्सेल. मूळ फोटोच्या नऊ पट कमी. आणि फोटो ३ इंच रुंदच ठेवला असेल तर पिक्सेल सव्वातीन लाखांच्या आसपास उरतात. बहिणीचे बहुतेक फोटो असेच, एका ओळीत दोन, लावलेले होते.

फाईल हलकी करायची पद्धत

हे काम कॉम्प्युटरवरच्या वर्डमध्ये करायचं आहे. क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नका.

१. 'सेव्ह अ‍ॅज' करून फाईलची दुसरी प्रत बनवा. मूळ फाईलच्या नावापुढे 'मूळ' असं लिहून ती बाजूला ठेवा. एकदा पिक्सेल काढून टाकून फाईल बंद केली की ते परत येत नाहीत.

२. पानाची साईज आणि मार्जिन आधी ठरवा. 'लेआउट' मेनूत 'साईज'मध्ये जाऊन ए-फोर आहे ना ते बघा. कित्येक कॉम्प्युटरवर 'लेटर' साईज असते. ती ए-फोरपेक्षा सुमारे ६ मिलीमीटर रुंद आणि १८ मिलीमीटर आखूड असते. नंतर बदललीत तर सगळी पानं सरकतील.

३. प्रत्येक फोटो पानावर हवा तेवढा मोठा किंवा लहान करून घ्या. वर्ड पीपीआयचा हिशोब पानावरच्या साईजवरून करतं. आधी दाबलात आणि नंतर फोटो ओढून मोठा केलात तर तो फुटणार.

४. आता कुठल्याही एका फोटोवर क्लिक करा. वर 'पिक्चर फॉरमॅट' मेनू येईल. त्यात 'कॉम्प्रेस पिक्चर्स' निवडा.

५. 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' यावरची टिक काढा. ती राहिली तर एकच फोटो हलका होईल आणि तुम्ही म्हणाल की काही फरकच पडला नाही.

६. 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स' यावर टिक ठेवा. का, ते खाली सांगतो.

७. २२० पीपीआय निवडा, ओके करा, फाईल सेव्ह करा.

बहिणीची फाईल २१२ वरून ११ एमबीवर आली. तिने दोनदा विचारलं, "फोटो उडाले तर नाहीत ना?" एकही उडाला नव्हता. दोन्ही फाईली शेजारी ठेवून बघितल्या तर तिला फरक सांगता आला नाही.

लिबरऑफिस वापरत असाल तर फोटोवर राईट क्लिक करून 'कॉम्प्रेस' हा पर्याय मिळतो. मात्र तिथे एकेका फोटोला ते करावं लागतं.

कापलेला फोटो खरंच कापला जातो का?

आता तो गंभीर भाग. बहिणीने अहवालात एका शेतकरी काकांच्या मृदा आरोग्य पत्रिकेचा फोटो टाकला होता. तिला फक्त नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे दाखवायचे होते. म्हणून तिने वर्डमध्येच 'क्रॉप' करून वरचा भाग कापला. पानावर फक्त आकडे दिसत होते.

मी तिला 'मीडिया' फोल्डर उघडून दाखवलं. तिथे आख्खी पत्रिका होती. काकांचं नाव, गाव, मोबाईल नंबर, आधार नंबर, सगळं स्पष्ट वाचता येत होतं.

"अगं दादा, ही फाईल मी आमच्या ग्रुपवर टाकणार होते. सगळ्यांना नमुना म्हणून!"

वर्डमध्ये 'क्रॉप' केलं की फोटोचा भाग फक्त झाकला जातो, जात नाही. तुम्हाला नंतर विचार बदलता यावा म्हणून वर्ड मूळ फोटो जपून ठेवतं. सोय चांगली आहे, पण ज्याला फाईल मिळाली तोही 'क्रॉप'वर क्लिक करून कापलेला भाग परत उघडू शकतो. त्याला झिप वगैरे करायचीही गरज नाही.

काळा चौकोन काढून नंबर झाकणं हाही तसाच प्रकार. चौकोन फोटोच्या *वर* ठेवलेला असतो, खाली फोटो शाबूत असतो. वर्डमध्ये तो चौकोन बाजूला ओढता येतो. पीडीएफ केली तरी खालचा फोटो बाहेर काढता येऊ शकतो.

मग करायचं काय?

- कापाकापी मोबाईलच्या गॅलरीतच करा, 'सेव्ह कॉपी' करा आणि ती कापलेली कॉपीच वर्डमध्ये टाका. नंबर झाकायचा असेल तर तोही गॅलरीत, जाड आणि पूर्ण अपारदर्शक रंगाने झाका. हायलायटर वापरू नका, त्याखालची अक्षरं बऱ्याचदा वाचता येतात.
- वर्डमध्ये क्रॉप केलेलंच असेल तर वर सांगितलेला 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' पर्याय वापरा. नंतर झिप करून 'मीडिया' फोल्डर एकदा तपासा.
- स्वतःचं आधार कुठे जोडायचं असेल आणि तिथे चालत असेल तर यूआयडीएआयच्या वेबसाईटवरून 'मास्क्ड आधार' घ्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आपल्या चुकीमुळे आपला नंबर बाहेर गेला तर ते आपल्या डोक्यावर. पण ज्या काकांनी घरात बोलावून चहा दिला आणि विश्वासाने कागद दाखवला, त्यांचा नंबर दीडशे मोबाईलमध्ये पोचवायचा आपल्याला काय अधिकार?

झेरॉक्सच्या दुकानात फोटो का उडतात?

माझ्या स्वतःच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. ब्लॅक बुकची वर्ड फाईल पेन ड्राईव्हवर घेऊन कॉलेजसमोरच्या दुकानात गेलो. तिथल्या कॉम्प्युटरवर जुनं वर्ड होतं. सर्किटचा फोटो तिसऱ्या प्रकरणातून चौथ्यात गेला, आकृतीचं नाव एका पानावर आणि आकृती दुसऱ्यावर. मागे वीस जणांची रांग. मी तसंच छापलं आणि नंतर पुन्हा पैसे भरून छापलं.

कारण साधं आहे. वर्ड फाईलमध्ये पानं तयार नसतात. फाईल उघडली की त्या कॉम्प्युटरवरचं वर्ड, तिथले फॉन्ट आणि सेटिंग यांच्या हिशोबाने पानं नव्याने मांडली जातात. तुमचा मराठी फॉन्ट तिथे नसेल तर दुसरा घेतला जातो, ओळी लांबतात आणि फोटो खाली ढकलले जातात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर मराठीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येतात.

फोटो जागेवर बसवायला या चार सवयी लावून घ्या:

- फोटोच्या 'रॅप टेक्स्ट'मध्ये 'इन लाईन विथ टेक्स्ट' ठेवा. मग फोटो एका मोठ्या अक्षरासारखा ओळीत बसतो, तरंगत नाही.
- एका ओळीत दोन फोटो हवेत तर दोन रकान्यांचं टेबल घ्या, त्याच्या रेषा काढून टाका आणि रकान्यात फोटो टाका. टेबलच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ऑटोमॅटिकली रिसाईज टू फिट कन्टेन्ट्स' बंद करा.
- फोटो आणि त्याखालचं नाव वेगळं होऊ नये म्हणून फोटोच्या ओळीवर 'पॅराग्राफ' सेटिंगमधलं 'कीप विथ नेक्स्ट' लावा.
- नवीन पान हवं असेल तर दहा वेळा एंटर मारू नका. कंट्रोल धरून एकदाच एंटर दाबा.

आणि फोटोची फक्त एक बारीक पट्टी दिसत असेल तर घाबरू नका. त्या ओळीचं 'लाईन स्पेसिंग' 'एक्झॅक्टली' झालेलं असतं. ते 'सिंगल' करा, फोटो पूर्ण दिसेल.

दुकानात वर्ड नाही, पीडीएफ न्या

पीडीएफमध्ये पानं मांडूनच ठेवलेली असतात आणि वर्डमधून बनवताना फॉन्टही बहुधा आतच येतात. त्यामुळे ती कुठेही उघडली तरी तशीच दिसते. वर्डमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करून पीडीएफ निवडलं की दोन पर्याय येतात. 'स्टँडर्ड' छपाईसाठी आणि 'मिनिमम साईज' नुसतं स्क्रीनवर वाचण्यासाठी. म्हणून एका वर्ड फाईलमधून दोन पीडीएफ काढा: एक 'प्रिंट' नावाची, एक 'पाठवण्यासाठी' नावाची. चुकून हलकी फाईल दुकानात जाऊ नये म्हणून नाव नीट द्या.

दुकानात गेल्यावर:

- प्रिंटच्या खिडकीत 'अ‍ॅक्च्युअल साईज' आहे का ते विचारा. 'फिट' असेल तर पान थोडं लहान होऊन छापलं जाऊ शकतं.
- रंगीत पानांचे नंबर घरूनच कागदावर लिहून न्या, उदाहरणार्थ ५, ९, १२ ते १४. बाकी ब्लॅक अँड व्हाईट. पैशात मोठा फरक पडतो.
- आलेखातल्या लाल आणि हिरव्या रेषा ब्लॅक अँड व्हाईटमध्ये सारख्याच करड्या होतात. एक रेष तुटक ठेवा.
- आधी एकच पान छापून बघा. मोबाईलची स्क्रीन आतून उजळलेली असते, कागद नसतो. त्यामुळे फोटो कागदावर काळपट येतात. तसं झालं तर ब्राईटनेस थोडा वाढवून मग बाकीचं छापा.

पाठवताना काय लक्षात ठेवायचं?

जीमेलवर २५ एमबीपर्यंत जोडता येतं. पण मेलमधून जाताना जोडलेली फाईल तांत्रिक कारणाने साधारण एक-तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या आत ठेवलेली बरी. त्याहून मोठी असेल तर ड्राईव्हची लिंक जाते. लिंक पाठवताना समोरच्याला परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर सर फाईल उघडायला जातात आणि त्यांना 'परवानगी मागा' असं दिसतं. कुणाची खाजगी माहिती असेल तर लिंक सगळ्यांसाठी खुली न ठेवता फक्त त्यांच्या मेल आयडीला द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर २ जीबीपर्यंतचं डॉक्युमेंट जातं. पण जातं म्हणून २१२ एमबी पाठवू नका. समोरच्याचा डेटा आणि मोबाईलची जागा दोन्ही जाते.

मैत्रिणीकडून अहवालासाठी फोटो मागवताना मात्र उलटा विचार करा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं. प्रात्यक्षिकाच्या फोटोला 'एचडी' पर्याय पुरतो. बारीक अक्षरांचा कागद किंवा स्क्रीनशॉट असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. फक्त एक लक्षात घ्या, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत तो कुठे काढला त्या ठिकाणाची माहिती तशीच राहू शकते. कुणाच्या घरी काढलेला फोटो असेल तर आधी विचार करा.

आयफोनवाल्यांसाठी एक टीप: तुमचे फोटो 'हाईक' प्रकारात असतात आणि जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडत नाहीत. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग 'फॉरमॅट्स', आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. पुढचे फोटो जेपेगमध्ये येतील.

थोडक्यात सांगायचं तर

मूळ फाईल जपून ठेवा. पानाची साईज, मग फोटोची साईज, मग 'कॉम्प्रेस', मग पीडीएफ, हा क्रम पाळा. आणि 'सेंड' दाबण्याआधी एकदा 'मीडिया' फोल्डर उघडून बघा. त्यात जे आहे, ते समोरच्याला मिळणार आहे, मग पानावर काहीही दिसो.

बहिणीने त्या रात्री पत्रिकेचा फोटो गॅलरीत नीट कापून पुन्हा टाकला. पाठवायची पीडीएफ ७ एमबीची झाली, सकाळी मेल गेला, दुपारी प्रिंट आली. ग्रुपवरही तिने पीडीएफच टाकली. आता तिच्या वर्गातल्या बाकीच्यांच्या फाईली माझ्याकडे येतात. म्हणून हा लेख लिहिला, तुमच्या ग्रुपमध्ये ज्याचा अहवाल अजून अडकलाय त्याला पाठवून द्या!